अँप आणि साउंड सेट लावण्याआधी हे एकदा वाचा

आमच्याकडून गिटारचा अँप (अँप्लिफायर), मिक्सर किंवा पूर्ण साउंड सेट भाड्याने नेणाऱ्यांसाठी आणि दुरुस्त झालेला अँप घरी घेऊन जाणाऱ्यांसाठी हे माहितीपत्रक आहे. "आवाज बरोबर येत नाही" म्हणून फोन येतो, तेव्हा समोरच्याने सगळे नॉब एकदा फिरवून पाहिलेले असतात. खोट मात्र बहुतेक वेळा वायरीत, प्लगमध्ये नाहीतर अँप ठेवलाय त्या जागेत सापडते. म्हणून आम्हीही नॉबकडे शेवटीच वळणार आहोत.

सारख्या दिसणाऱ्या दोन केबल

गिटारपासून अँपपर्यंत जाणारी केबल आणि अँपपासून स्पीकर कॅबिनेटपर्यंत जाणारी केबल, दोघींच्या टोकाला तोच पाव इंची जॅक असतो. आतून मात्र त्या अगदी वेगळ्या. गिटारच्या केबलमध्ये मधोमध एक बारीक तार आणि तिच्याभोवती जाळी असते. स्पीकरच्या केबलमध्ये दोन सारख्याच जाड तारा असतात. जॅकचं टोपण फिरवून काढलं की लगेच कळतं.

मध्यंतरी एक ट्यूब अँप (काचेच्या नळ्यांवर चालणारा) दुरुस्तीला आला. "कार्यक्रम चालू असताना आवाज गेला," एवढंच ग्राहक सांगत होते. मागची फळी काढली आणि जळक्या वार्निशचा वास आला. कॅबिनेटला गिटारची केबल लावलेली होती. ती तापून आतल्या आत तुटली आणि अँप स्पीकरशिवायच चालू राहिला. ट्यूब अँपला स्पीकरचा लोड मिळाला नाही, की आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज भलतंच चढतं आणि त्याचं इन्सुलेशन फुटतं. ट्रान्सफॉर्मर बदलणं हे अँपमधल्या सगळ्यात महागड्या कामांपैकी एक आहे. आमच्या सेटमधल्या स्पीकर केबलना म्हणूनच पिवळी टेप लावलेली असते. ती टेप कृपया काढू नका.

ओहमचं, म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो त्याचं, गणितही इथेच उरकून घेऊ. कॅबिनेटच्या मागे ४, ८ किंवा १६ ओहम लिहिलेलं असतं. ट्यूब अँपवरचा सिलेक्टर त्याच आकड्यावर ठेवा. दोन ८ ओहमची कॅबिनेट पॅरलल (समांतर) जोडली की एकूण ४ ओहम होतात. १६ होत नाहीत. ट्रान्झिस्टर अँपवर (ज्यात ट्यूब नसतात) किमान ओहम लिहिलेले असतात, त्याच्या खाली जाऊ नका. वर गेलात तर चालेल, ताकद थोडी कमी मिळेल इतकंच.

वीज, अर्थिंग आणि ती घूं घूं

स्टेजवरची सगळी साउंडची यंत्रं शक्यतो एकाच लाइनवरून चालवा आणि लाइटचे डिमर दुसऱ्या लाइनवर टाका. रीळवाला एक्स्टेंशन पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या वायरीवर लोड आला की ती आतल्या आत तापत राहते.

अँपमधून सतत घूं घूं ऐकू येऊ लागली की कोणीतरी जाणकार पुढे होतो आणि प्लगची अर्थिंगची पिन काढायला सांगतो. कधी कधी घूं घूं थांबतेही. पण अशा अँपमध्ये पुढे काही बिघाड झाला, तर करंट गिटारच्या तारांपर्यंत येऊ शकतो. गाणाऱ्याचा हात तारांवर आणि ओठ माईकला, अशा वेळी बसणारा झटका जीवघेणा ठरतो. तेव्हा अर्थिंग काढायचं नाही, कोणीही सांगितलं तरी. गिटारचा किंवा कीबोर्डचा सिग्नल मिक्सरला देताना घूं घूं येत असेल, तर डीआय बॉक्सवरचं (वाद्य आणि मिक्सर यांच्या मध्ये जोडायच्या छोट्या डबीवरचं) ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. ते फक्त सिग्नलच्या केबलचं ग्राउंड तोडतं, विजेच्या अर्थिंगला हात लावत नाही. तारांना हात लावल्यावर घरघर कमी होत असेल आणि गिटारला सिंगल कॉइल पिकअप (तारांचं कंपन टिपणारी एकेरी कॉइल) असतील, तर गिटार घेऊन जरा फिरून पाहा. एका विशिष्ट दिशेला तोंड केलं की ती बरीच बसते.

चालू करताना आधी मिक्सर आणि सगळ्यात शेवटी पॉवर अँप किंवा पॉवर्ड स्पीकर. बंद करताना बरोबर उलटं. नाहीतर मिक्सरचा 'धप्प' सरळ स्पीकरच्या कोनवर (हलणाऱ्या पडद्यावर) आदळतो. कंडेन्सर माईकसाठी ४८ व्होल्टचं फँटम (मिक्सरकडून केबलमधूनच माईकला जाणारी वीज) देतानाही आधी तो चॅनल म्यूट करा.

अँप गुडघ्याला ऐकू येतो

बारा इंची स्पीकरचे तीव्र सूर टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात. अँप जमिनीवर असेल आणि वादक त्याला खेटून उभा असेल, तर तो झोत त्याच्या गुडघ्यांवर पडतो. त्याला आवाज बोथट वाटतो, तो ट्रेबल वाढवतो, आणि समोर तिसऱ्या रांगेत बसलेल्याच्या कानात सुया टोचू लागतात. अँप खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलता करा. वादक आपणहून आवाज कमी करतो, हे आम्ही कितीतरी वेळा पाहिलंय.

जास्त वॅटचा अँप मागणाऱ्यांना आम्ही नेहमी सांगतो: ५० च्या जागी १०० वॅट नेलात तर फरक फक्त ३ डेसिबलचा पडतो. लहान अँप न्या आणि त्याला माईक लावा. माईक जाळीच्या अगदी जवळ हवा. टॉर्च मारून आत पाहा, कोनच्या मधोमध गोल टोपी दिसेल. माईक टोपीच्या मध्यावर रोखला तर आवाज धारदार, काठाकडे सरकवत नेला तसा मऊ. इथे दोन बोटांच्या अंतराने जेवढा फरक पडतो, तेवढा मिक्सरचा इक्यू (जाड-बारीक सूर कमी-जास्त करणारे नॉब) फिरवून पडत नाही.

शिट्टी

माईकमध्ये गेलेला आवाज स्पीकरमधून पुन्हा माईकमध्ये शिरला की शिट्टी वाजते. मुख्य स्पीकर माईकच्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूला ठेवा. मॉनिटर, म्हणजे गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, कुठे ठेवायचा हे माईकवर ठरतं: कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणाऱ्या) माईकला बरोबर पाठीमागून सगळ्यात कमी ऐकू येतं, म्हणून मॉनिटर सरळ त्याच्या मागे. सुपरकार्डिऑइड (त्याहून अरुंद टप्प्यातलं ऐकणारा) असेल तर मागे, पण थोडा बाजूला. गायकाने माईकची जाळी मुठीत धरली की हा सगळा हिशेब मोडतो, कारण तसा धरलेला माईक चहूबाजूंनी ऐकू लागतो. दिसायला झकास दिसतं, पण शिट्टी तिथूनच सुरू होते.

आवाज पुरत नसेल तर फेडर (मिक्सरवरचा आवाजाचा सरकता दांडा) वर ढकलण्याआधी गायकाला माईकच्या जवळ आणा. अंतर निम्मं झालं की साधारण ६ डेसिबल फुकटात मिळतात.

आता नॉब

गेन (माईकचा सिग्नल मिक्सरमध्ये शिरतानाच किती वाढवायचा तो नॉब) लावताना गायकाला "हॅलो, चेक" म्हणायला लावू नका. गाण्यातली सगळ्यात जोरकस ओळ गायला सांगा. त्यावर लाल दिवा लागू नये आणि फेडर शून्याच्या आसपास राहावा. थोडी जागा मोकळी ठेवा, प्रत्यक्ष कार्यक्रमात सगळेच तालमीपेक्षा जोरात गातात. गायनाच्या चॅनलवर लो कट (अगदी खालचे सूर कापणारं बटण) चालू ठेवा. रिकाम्या हॉलमध्ये घुमणारा आवाज माणसं भरल्यावर आपोआप आवळतो, तेव्हा साउंडचेकला फार कापाकापी करू नका.

आणि कान सांभाळा. ८५ डेसिबलला ८ तास ही कामाच्या जागी धरली जाणारी मर्यादा आहे. दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं.

परत करताना

अँप बंद केल्यावर ट्यूब निवल्याशिवाय उचलू नका. फ्यूज उडाला तर त्याच रेटिंगचा टाका. पुन्हा उडाला तर अँप आमच्याकडे आणा, मोठा फ्यूज टाकू नका. प्लग काढलेल्या अँपमध्येही कपॅसिटर शेकडो व्होल्ट धरून बसलेले असतात, त्यामुळे मागची फळी उघडणं आमच्यावर सोडा.

केबल कोपराभोवती आवळून गुंडाळू नका, आतली तार पिळली जाते. मोकळे वेढे घ्या, एक सुलटा, एक उलटा. एखादी केबल खरखरत असेल तर ती मुकाट्याने बाकीच्यांत टाकू नका, तिच्या टोकाला सैल गाठ मारून ठेवा. पेटी उघडली की आम्ही आधी गाठ मारलेल्याच केबल शोधतो.