गर्भाशयमुखाच्या कर्करोगानंतरचे आयुष्य कशावर ठरते : पार्श्वभूमी

गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेली स्त्री उपचारांनंतर पाच वर्षांनी हयात असेल का, याचे उत्तर बराच काळ एकाच गोष्टीत शोधले जात होते: निदानाच्या वेळी आजार कोणत्या टप्प्यावर आहे. टप्प्यांची ही विभागणी मुळात रुग्णासाठी नव्हतीच. युरोपातील वेगवेगळ्या रुग्णालयांत रेडियमने केलेल्या उपचारांचे निकाल एकमेकांशी ताडून पाहता यावेत, म्हणून राष्ट्रसंघाच्या आरोग्य संघटनेने ती १९२९ मध्ये आखली. डॉक्टरांच्या हाताने केलेली तपासणी हाच तिचा मुख्य आधार होता, आणि महागडी यंत्रे नसलेल्या देशांनाही ती वापरता यावी या विचाराने तो आधार पुढे जवळजवळ नव्वद वर्षे टिकला. श्रोणीतील किंवा पोटातील लसिकाग्रंथींपर्यंत आजार पोहोचला आहे का, ही जगण्यावर मोठा परिणाम करणारी बाब टप्पा ठरवताना २०१८ मध्ये अधिकृतपणे धरली जाऊ लागली. त्यापूर्वीच्या आणि नंतरच्या आकडेवारीची सरळ तुलना करणे म्हणूनच धोक्याचे आहे.

टप्प्याचे महत्त्व अर्थात आजही पहिलेच आहे. आजार गर्भाशयमुखापुरता मर्यादित असेल तर अमेरिकेत पाच वर्षांनी नव्वद टक्क्यांच्या आसपास स्त्रिया हयात असतात. दूरच्या अवयवांत पसरला असेल तर वीस टक्क्यांच्या आसपास. आपल्याकडे अंगावरून पांढरे जाणे, पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसणे, कंबर दुखणे ही लक्षणे अंगावर काढली जातात आणि बहुतेक निदाने दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यात होतात. हे बदलता येते, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. बार्शी परिसरातील गावांत केवळ जनजागृतीमुळे निदान लवकरच्या टप्प्यात होऊ लागल्याचे १९९० च्या दशकात दिसले, आणि उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातील सुमारे १,३१,००० स्त्रियांच्या अभ्यासात या कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची एकदाच केलेली तपासणीही या आजाराचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणू शकते, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

एकाच टप्प्यातील दोन स्त्रियांचे भवितव्य वेगळे का होते, हा प्रश्न मात्र नंतरचा आहे. १९९९ मध्ये शेकासोबत, म्हणजे किरणोपचारांसोबत, सिस्प्लॅटिन हे कर्करोगावरचे औषध देण्याची शिफारस अमेरिकेत झाली. आपल्याकडील पुढच्या टप्प्याच्या, अशक्त रुग्णांना ते मानवेल का, ही शंका टाटा स्मारक रुग्णालयाच्या ८५० रुग्णांवरील अभ्यासाने २०१८ मध्ये बरीचशी मिटवली. त्यात ‘तीन-ब’, म्हणजे गाठ श्रोणीच्या भिंतीपर्यंत पोहोचलेल्या किंवा तिने मूत्रनलिका दाबलेल्या, टप्प्यात पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण ४६ वरून ५४ टक्क्यांवर गेले. गाठीने मूत्रनलिका दाबली जाऊन मूत्रपिंडे बिघडली असतील, तर हेच औषध देता येत नाही. हिमोग्लोबिन कमी असणाऱ्यांचे निकाल वाईट असतात हेही जुने निरीक्षण आहे, आणि सिकलसेल व रक्तक्षय या दोन्हींशी परिचित असलेल्या विदर्भात ते महत्त्वाचे आहे. पण रक्त चढवल्याने आयुष्य वाढतेच असे सिद्ध झालेले नाही, कारण पुष्कळदा रक्तक्षय हीच मोठ्या, वाहत्या गाठीची खूण असते.

नागपूरच्या दृष्टीने माझ्या मते सर्वांत निर्णायक घटक वेळेचा आहे. बाहेरून दिला जाणारा शेक आठवड्यातून पाच दिवस, साधारण पाच आठवडे चालतो. त्यानंतर गर्भाशयमुखाजवळ नळ्या बसवून आतून किरणोपचार होतात. हे सारे आठ आठवड्यांत पूर्ण व्हावे लागते, नाहीतर मधल्या खंडात उरलेल्या पेशी पुन्हा वाढतात आणि आजारावरचे नियंत्रण सुटत जाते. मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय), मानेवाडा रस्त्यावरील राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय, किंवा अलीकडे जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था, येथे येणारी स्त्री गडचिरोलीची, मेळघाटाची किंवा बालाघाटची असते. महाराष्ट्रातील रुग्णांच्या उपचारांचा खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजना उचलते. दोन महिने शहरात राहण्याचा, सोबतच्या माणसाच्या बुडालेल्या मजुरीचा आणि धानाच्या रोवणीच्या दिवसांचा हिशेब घरच्यांनाच करावा लागतो. बाहेरचा शेक संपल्यावर रक्तस्राव थांबतो, बाईला बरे वाटते, आणि आतल्या किरणोपचारांची तारीख चुकते ती नेमकी इथे.

यातले किती निकालांत उतरते? नागपूर शहराची कर्करोग नोंदणी इंडियन कॅन्सर सोसायटीने १९८० मध्ये सुरू केली, पण लोकसंख्येवर आधारित नोंदणीत त्या क्षेत्रातील रहिवासीच धरले जातात. नागपुरातील भाच्याच्या घरचा पत्ता देऊन उपचार घेणारी गडचिरोलीतील धानोऱ्याची स्त्री रुग्णालयाच्या वहीत असते, पण नियमाने ती शहराच्या आकड्यात धरली जायला नको. रुग्णालयाच्या वहीतही ती पुढील तपासणीला आली नाही, तर तिला ‘संपर्काबाहेर’ धरून गणित इतरांवरून पूर्ण केले जाते. न येणाऱ्यांत दगावलेल्या अधिक असण्याची शक्यता असल्याने अशी टक्केवारी खऱ्यापेक्षा बरी दिसते. एखाद्या रुग्णालयाचा निकाल वाचताना म्हणून संपर्काबाहेर गेलेल्यांचा आकडा आधी शोधावा लागतो, आणि तो बहुधा तक्त्याखालच्या तळटीपेत असतो.