समुद्रकाकडी : होलोथूरिया स्काब्रा

समुद्रकाकडी हे कंटकचर्मी संघाच्या (ज्यात तारामासा व समुद्री अर्चिनही येतात) होलोथुरॉयडिया वर्गातील प्राण्यांचे सामान्य नाव. प्रस्तुत नोंद त्यांतील होलोथूरिया स्काब्रा या एका जातीपुरती आहे. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून पश्चिम पॅसिफिकमधील बेटांपर्यंत उथळ पाण्यात, वाळू-चिखलाच्या तळावर आणि समुद्री गवतात ती आढळते. भारतात मुख्यतः मन्नारचे आखात व पाल्कची सामुद्रधुनी येथे. तमिळ कोळी तिला ‘वेल्लै अट्टै’ म्हणजे पांढरी जळू म्हणतात. खानदेशाला समुद्र नाही, आणि तापी समुद्राला मिळते तीही सुरतेच्या पुढे. त्यामुळे जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही काकडी भेटते ती फॉर्मॅलिनच्या बरणीत.

नाव व वर्गीकरण : ‘होलोथूरिया’ हे नाव ॲरिस्टॉटलच्या लिखाणातून आले असले, तरी त्याच्या मनात नेमका हाच प्राणी होता असे म्हणता येत नाही. आधुनिक वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनीअसने १७५८ मध्ये आपल्या ‘सिस्टिमा नॅचुरी’ या ग्रंथात हे नाव वापरले तेव्हा त्याखाली फायसेलियासारखा तरंगता, दंश करणारा प्राणीही घातला होता. आजच्या अर्थाने समुद्रकाकड्या त्या नावाखाली आल्या त्या या ग्रंथाच्या १७६७ च्या आवृत्तीत. काटेकोर अग्रक्रम (आधीचा वापर ग्राह्य धरण्याचा नियम) लावला असता तर हे नाव समुद्रकाकड्यांकडून काढून घ्यावे लागले असते आणि शतकाहून अधिक काळाचे लिखाण उलटेपालटे झाले असते. म्हणून प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय नामकरण आयोगाने नियमाला अपवाद करून १७६७ चा अर्थ कायम केला. हा निर्णय सोयीचा होता आणि योग्यही म्हणावा लागेल.

जातीचे वर्णन येगर याने १८३३ मध्ये केले. ‘स्काब्रा’ म्हणजे खरखरीत. तिचे कुल होलोथुरिडी, उपप्रजाती (प्रजातीखालचा गट, सबजीनस) मेट्रिॲटायला. जुन्या पुस्तकांत गण ॲस्पिडोकायरोटा असा दिलेला असतो. २०१७ मध्ये रेणवीय पुराव्यावरून तो मोडून होलोथुरिडा हा गण मांडला गेला. महाविद्यालयीन टिपणांत मात्र जुनेच नाव चालते.

खरे दुमत आहे ते जातीच्या सीमेविषयी. फिकट, ठिपकेदार ते काळ्या अशा अनेक रंगांचा एक प्रकार व्यापारात वेगळा ओळखला जाई. १९८६ मध्ये कोनां यांनी त्याला ‘व्हर्सिकलर’ हे प्रकारनाम दिले. काही अभ्यासक त्याला केवळ रंगभेद मानीत. २००५ च्या जनुकीय अभ्यासात दोहोंचे नैसर्गिक संकर आढळले. तरीही दोन्ही जाती मिसळून एक झालेल्या नाहीत, असाच निष्कर्ष निघाला. २००९ मध्ये मासँ व सहकाऱ्यांनी या प्रकाराला होलोथूरिया लेसोनाय ही स्वतंत्र जात ठरवले आणि स्काब्राचा आधारनमुनाही (ज्यावर जातीचे नाव टेकते तो नमुना) नव्याने निश्चित केला. सध्या हेच मत अधिक ग्राह्य धरले जाते. अर्थात २००९ पूर्वीच्या नोंदींत ‘स्काब्रा’ म्हणजे नेमकी कोणती, हे प्रत्येक वेळी तपासून घ्यावे लागते.

शरीररचना : शरीर जाड, दंडगोल, अधर बाजूस चपटे, लांबी ४० सेंमी.पर्यंत. पाठ करडी ते काळपट व आडव्या सुरकुत्यांची, पोट पांढरट. मुख पुढच्या टोकाला, खालच्या बाजूस वळलेले असून त्याभोवती ढालीसारख्या टोकाचे २० संस्पर्शक (बोटांसारखे मऊ अवयव) असतात. त्यांनी प्राणी वाळू तोंडात ढकलतो आणि तिच्यातील सेंद्रिय अंश पचवून उरलेली वाळू मागून टाकतो. ग्रसनीभोवती दहा तुकड्यांचे चुनखडी कडे असते. आतडे लांब असून देहगुहेत तीन पदरी वळलेले असते. ताऱ्यामाशात बाहेर दिसणारी मॅड्रेपोराइटची (शरीरातील जलनलिकांच्या तोंडाशी असलेली) चाळणी येथे देहगुहेतच लोंबते. जननग्रंथी एकच, झुबक्यासारखी. नर-मादी वेगळे, पण बाहेरून ओळखता येत नाहीत. अवस्करातून (आतड्याच्या शेवटच्या पोकळीतून) निघालेले दोन श्वसनवृक्ष शरीरभर पसरतात, म्हणजे प्राणी मागच्या द्वारातून पाणी ओढून श्वास घेतो. कुव्हिएच्या चिकट नळ्या (काही समुद्रकाकड्या बचावासाठी मागून बाहेर फेकतात त्या) पाठ्यपुस्तकातील आकृतीत हमखास असतात आणि विद्यार्थी त्या सरसकट काढतात. प्रस्तुत जातीत त्या नसतात.

जातीची ओळख पटते ती त्वचेतील सूक्ष्म अस्थिकांवरून, म्हणजे चुनखडीच्या बारीक कणांवरून. त्वचेचा तांदळाएवढा तुकडा काचपट्टीवर घेऊन त्यावर धुण्याच्या ब्लीचचे दोन थेंब टाकले की मांस फेसाळून विरघळते आणि तळाशी पांढरी धूळ राहते. सूक्ष्मदर्शकाखाली त्या धुळीत दोन आकार दिसतात. एक चौरंगासारखा : भोकांची गोल चकती, तिच्यावर चार खांब आणि खांबांच्या माथ्यावर बारीक काट्यांचा मुकुट. दुसरा शर्टाच्या बटणासारखा लांबट, गाठी-गाठींचा, मधोमध भोकांच्या जोड्या असलेला.

ही तपासणी महाविद्यालयातील बरणीवर करू गेल्यास बहुधा काहीच हाती लागत नाही. फॉर्मॅलिन कालांतराने आम्लधर्मी होते आणि आम्लात चुनखडी विरघळते. नमुना टणक, तपकिरी, संस्पर्शक आत ओढलेला असा दिसतो. पण ब्लीच टाकल्यावर काचपट्टी स्वच्छच राहते. अल्कोहोलात ठेवलेल्या नमुन्यात अस्थिका टिकतात. सबब लेबलवरचे जातीचे नाव वाचावे, पण त्यावर भिस्त ठेवू नये. प्रात्यक्षिक परीक्षेत ‘होलोथूरिया’ एवढेच लिहिलेले उत्तर म्हणूनच अधिक प्रामाणिक ठरते.

जीवाश्म : मऊ शरीर सहसा टिकत नाही, खडकांत सापडतात त्या बहुधा सुट्या अस्थिका. खानदेशाच्या उत्तरेस नर्मदाखोऱ्यातील बाघ येथील क्रिटेशस सागरी थरांत कंटकचर्मींपैकी समुद्री अर्चिनचे जीवाश्म प्रसिद्ध आहेत.

व्यापार व संरक्षण : उकडून वाळवलेल्या समुद्रकाकडीचा व्यापार चिन्यांनी सु. हजार वर्षांपूर्वी दक्षिण भारतात आणला, असे मत्स्यशास्त्रीय लिखाणात वारंवार येते. तो जुना असला तरी इतका नेमका काळ सांगणे धाडसाचे वाटते. १९८८ मध्ये तुतिकोरिन येथे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेत या जातीची पिले प्रथमच प्रयोगशाळेत तयार झाली. २००१ मध्ये सर्व समुद्रकाकड्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आल्या. तेव्हापासून नवा नमुना मागवणे सोपे राहिलेले नाही, आणि अनेक प्रयोगशाळांत त्याआधीच्याच बरण्या फॉर्मॅलिन बदलून वापरात आहेत.