हिप्पोकॅम्पसची हद्द कोणी आखली?

खानापूर-निपाणीकडे घरातले म्हातारे माणूस विसरायला लागले की त्याला बेळगावला किंवा मिरजेला नेऊन एमआरआय काढतात. रिपोर्टात 'वयोमानानुसार आकुंचन' असे काहीतरी असते. भावकीत मात्र 'आजोबांचा मेंदू सुकलाय' एवढेच पसरते. पण किती सुकला, आणि कोणाच्या तुलनेत?

1919च्या सुमारास कण्यातून हवा भरून मेंदूतल्या पोकळ्यांचे एक्स-रे काढू लागले. रुग्णाचे हाल व्हायचे. 1971मध्ये लंडनला पहिला सीटी स्कॅन झाला, आणि 1976मध्ये स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराच्या रुग्णांत त्या पोकळ्या मोठ्या असल्याचे इंग्लंडमधून प्रसिद्ध झाले. एमआरआय आल्यावर करडा आणि पांढरा भाग वेगळा दिसू लागला. मग खरे भांडण सुरू झाले ते हद्दीचे.

हिप्पोकॅम्पस हा मेंदूतला स्मृतीशी निगडित भाग. तो मोजायचा तर चित्राच्या प्रत्येक कापावर त्याची कड हाताने आखावी लागे. आता ही कड नेमकी कुठे? वर चिकटलेला पांढऱ्या तंतूंचा पातळ थर आत घ्यायचा की बाहेर ठेवायचा? मागची शेपूट कुठे संपवायची? प्रत्येक प्रयोगशाळेचा नकाशा निराळा, त्यामुळे निरोगी माणसाच्या हिप्पोकॅम्पसचे 'सरासरी' घनफळही गावोगाव निराळे. सीमा कोणत्या निकषावर आखायची, हा वाद किती चिघळतो हे आपल्या भागात कोणाला सांगायला नको. इथे निदान तज्ज्ञ एकत्र बसले, फेऱ्याफेऱ्यांनी मते घेतली आणि 2015च्या सुमारास सामाईक नियम ठरला: तो पांढरा थरही आत, पूर्ण शेपूटही आत. मला हा निर्णय शोधापेक्षा तहासारखा वाटतो. तरी तो गरजेचा होता. निरोगी वृद्धांत हिप्पोकॅम्पस वर्षाला साधारण दीड टक्का घटतो, अल्झायमरमध्ये साडेचार टक्क्यांच्या आसपास. एवढा बारीक फरक दोन ठिकाणच्या दोन रेघांत सहज बुडून जातो.

आता आखणी सॉफ्टवेअर करते. तेही माणसांनी आखलेल्या नमुन्यांवरूनच शिकलेले. शिवाय वेगवेगळी डोकी जुळवायला एक प्रमाण मेंदू लागतो. नव्वदच्या दशकात मॉन्ट्रियलला तयार झालेला असा एक साचा 305 जणांचा होता. त्यांतले 239 पुरुष, सरासरी वय तेविसाच्या पुढे थोडेसेच. पुढे भारतीय साचे झाले. हैदराबादच्या संशोधकांनी 2019मध्ये 100 तरुणांच्या स्कॅनवरून केलेला मेंदू लांबी, रुंदी, उंची तिन्हींत पाश्चात्त्य साच्याहून लहान निघाला. 2022मध्ये सव्वा लाखाच्या आसपास स्कॅनवरून जन्माआधीपासून शंभरीपर्यंतचे वाढीचे तक्ते आले, पण त्यांतही भर युरोप-अमेरिकेचाच.

स्मृतिचाचणीत मराठी आजीला कन्नडमधून शब्द आठवायला सांगितले तर गुण घसरणारच. चित्राला भाषेची अडचण नाही, म्हणून लोकांचा फिल्मवर विश्वास जास्त. पण रोजच्या रिपोर्टात घनफळ बहुधा मोजलेले नसतेच. रेडिओलॉजिस्ट नजरेने अंदाज घेतो, फार तर 1992पासून चालत आलेली आकुंचनाची 0 ते 4 ही श्रेणी लावतो. त्यामुळे वर्षभराने दुसरा स्कॅन काढायचा झाला तर तो शक्यतो त्याच मशिनवर काढावा आणि जुनी सीडी सोबत न्यावी. नुसत्या रिपोर्टाच्या कागदावरून तुलना होत नाही.