सूक्ष्मस्तरीय यांत्रिकी

पदार्थाचा मायक्रोमीटर किंवा नॅनोमीटर मापाचा कण, थर किंवा खांब किती भार सोसतो, कुठे वाकतो आणि कधी तुटतो, हे तपासणारी पदार्थविज्ञानाची शाखा. तिच्या मुळाशी असलेली कृती मात्र जुनीच आहे: दाबून पाहणे. ज्वारी वाळली की नाही हे बघायला शेतकरी खळ्यावर दाणा दाढेखाली धरतो. कडकन फुटला तर पोती भरायला हरकत नाही. दबला तर अजून दोन उन्हे हवीत.

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज-चिकलठाणा औद्योगिक वसाहतींत, हीट ट्रीटमेंटच्या (पोलाद तापवून-थंडावून कडक करण्याच्या) शेडमध्ये, हेच काम कठीणपणा मोजणारे रॉकवेल यंत्र करते. १२० अंशांच्या टोकाचा हिऱ्याचा शंकू १५० किलोच्या, म्हणजे दीड क्विंटलच्या भाराने पोलादात रुततो आणि आकडा येतो, ‘अठ्ठावन्न एचआरसी’, म्हणजे रॉकवेलच्या ‘सी’ मापावर अठ्ठावन्न. जॉब पास. या एका आकड्यात पोलादाचे असंख्य स्फटिककण, त्यांच्या सीमा आणि अधलेमधले कार्बाइड (कार्बनच्या संयुगांचे कठीण कण) असे सगळे एकत्र दडपलेले असते. गिअरचा दात बाहेरून कठीण आणि आतून चिवट लागतो, तेव्हा एवढ्याने भागत नाही. दात कापून, बेकेलाइटमध्ये बसवून, आरशासारखा पॉलिश करून कडेपासून आत ओळीने मायक्रो विकर्सचे, म्हणजे हिऱ्याच्या चौबाजू पिरॅमिडचे, बारीक ठसे घ्यावे लागतात. कठीणपणा ५५० विकर्सपर्यंत उतरतो तिथवरची खोली म्हणजे ‘केस डेप्थ’. टूलरूममधला माणूस सूक्ष्म यांत्रिकीच्या उंबरठ्यापर्यंत रोजच येतो, फक्त तो तिला या नावाने ओळखत नाही.

उंबरठ्यापलीकडे नॅनोइंडेंटेशन, म्हणजे अतिसूक्ष्म ठसा घेण्याचे तंत्र, आहे. यात भार मिलिन्यूटनमध्ये मोजतात. १० मिलिन्यूटन म्हणजे जेमतेम एक ग्रॅम, ज्वारीच्या तीसेक दाण्यांचे वजन. तेवढ्या भाराने बर्कोविच टोक, म्हणजे हिऱ्याचा तीन बाजूंचा पिरॅमिड, कडक केलेल्या पोलादात पाव मायक्रोमीटरच्या आसपास शिरतो. हा ठसा साध्या सूक्ष्मदर्शकाखाली धड मोजता येत नाही. म्हणून भार चढवताना आणि उतरवताना टोक क्षणोक्षणी किती खोल आहे याचा आलेख काढतात. भार उतरताना पदार्थ जो थोडासा उसळून वर येतो, त्या रेषेच्या उतारावरून कठीणपणा आणि स्थितिस्थापकतेचा गुणांक दोन्ही काढण्याची पद्धत ऑलिव्हर आणि फार यांनी १९९२ मध्ये मांडली. आज जगभरची यंत्रे तिच्यावरच चालतात.

या शाखेतली सर्वांत लक्षवेधी कामगिरी खांबांची. २००४ मध्ये उचिक, डिमिडक, फ्लोरँडो आणि निक्स यांनी गॅलियम आयनांच्या झोताने निकेलच्या स्फटिकातून काही मायक्रोमीटर जाडीचे खांब कोरले आणि सपाट टोकाखाली दाबले. खांब जितका बारीक, तितका तो मजबूत निघाला. पुढे ग्रीअर आणि निक्स यांनी सोन्याचे मायक्रोमीटरहूनही बारीक खांब घेतले, तर ते ठोक सोन्याच्या पन्नास पट मजबूत भरले. दाताने चावून पारखायचे ते हेच मऊ सोने!

कारण स्फटिकातल्या अणूंच्या रांगांमधील चुकांत, म्हणजे डिसलोकेशनमध्ये आहे. मांडवात अंथरलेले जाजम अख्खे ओढणे जड जाते, पण एका टोकाला सुरकुती पाडून ती ढकलत नेली की जाजम सहज सरकते. धातू वाकतो तो असाच. टेलर, ओरोवान आणि पोलानी यांनी १९३४ मध्ये हे स्वतंत्रपणे सांगितले होते. बारीक खांबात सुरकुत्या पटकन पृष्ठभागातून बाहेर पडतात, आत उरतच नाहीत, आणि मग जाजम अख्खेच ओढावे लागते. एकाच तुकड्यावर ठसा लहान घेतला की कठीणपणा जास्त येतो, त्यामागचे कारण मात्र नेमके उलटे आहे. निक्स आणि गाओ यांच्या १९९८ च्या मांडणीनुसार लहान ठशाखाली सुरकुत्यांची दाटी होते आणि त्या एकमेकींना अडवतात. ‘लहान ते मजबूत’ एवढेच शिकवून या दोन गोष्टींची सरमिसळ नेहमी केली जाते.

भारतात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत उपद्रष्ट राममूर्ती यांनी धातुकाचांवर (काचेसारखी विस्कळीत अणुरचना असलेल्या धातूंवर) आणि गौतम देसिराजू यांच्यासोबत सेंद्रिय स्फटिकांवर हे तंत्र वापरले. राममूर्तींना २०११ चा भटनागर पुरस्कार मिळाला. ॲस्पिरिनच्या दोन स्फटिकरूपांच्या वागणुकीतला फरक याच दाबण्यातून मोजता आला. छत्रपती संभाजीनगरच्या औषध कारखान्यांना हा विषय परका वाटू नये. गोळी दाबल्यावर तिच्या वरची चकती सुटून येते, ज्याला तिथे ‘कॅपिंग’ म्हणतात, त्यात स्फटिक दबतो की उसळतो याचाही हात असतो.

पातळ थरांवर काम करणाऱ्याने एक पथ्य पाळायचे असते: ठशाची खोली थराच्या जाडीच्या एक दशांशापुढे जाऊ द्यायची नाही. परातीत पिठाचा पातळ थर पसरून बोट दाबले, तर बोटाला परातच लागते.

दुसरी अडचण उन्हाची, आणि मराठवाड्यात ती किरकोळ नाही. यंत्रातली १० सेंटिमीटर पोलादी दांडी एका अंशाने तापली तर सुमारे १.२ मायक्रोमीटर वाढते, म्हणजे वरच्या पोलादी ठशाच्या जवळपास पाचपट. बाहेर पारा चाळिशीपार असताना दार उघडून कुणी आत डोकावले तरी आलेख सरकतो. म्हणून रांगेने शंभर ठसे घ्यायचे असले, की नमुना संध्याकाळी बसवून यंत्र रात्रभर बंद खोलीत एकटे सोडतात.