मसुदाकार सर बी. एन. राव : कलकत्ता, दिल्ली, न्यूयॉर्क, हेग

संविधान दिन जवळ आला की समाजमाध्यमांवर एक जुना वाद नव्याने पेटतो: राज्यघटना नेमकी लिहिली कोणी? या वादात घटना समितीचे सल्लागार आणि पहिल्या कच्च्या मसुद्याचे कर्ते सर बेनेगल नरसिंह राव यांचे नाव बहुतेक वेळा डॉ. आंबेडकरांचे श्रेय कमी करण्यापुरतेच घेतले जाते आणि त्यामुळे राव स्वतः कोण होते हे बाजूला राहते. (माजी पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव यांच्याशी होणारा नामसाधर्म्याचा घोळ वेगळाच.)

राव यांचा जन्म २६ फेब्रुवारी १८८७ चा, दक्षिण कानड्यातला. मंगळूर, मद्रासचे प्रेसिडेन्सी कॉलेज आणि केंब्रिजचे ट्रिनिटी कॉलेज असे शिक्षण घेऊन ते आय.सी.एस. (ब्रिटिशकालीन सनदी सेवा) झाले आणि १९१० मध्ये बंगालमध्ये रुजू झाले. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर बेनेगल रामा राव आणि पत्रकार व घटना समितीचे सदस्य बी. शिवा राव हे त्यांचे भाऊ. राव यांची खरी घडण मात्र कायद्याच्या मसुद्यांवर झाली. १९३५ चा भारत सरकार कायदा झाल्यानंतर तोवरचे सगळे केंद्रीय व प्रांतिक कायदे त्याच्याशी जुळवून घेण्याचे किचकट काम त्यांच्याकडे आले. प्रत्येक कायदा उघडून त्यातला अधिकार आता केंद्राचा की प्रांताचा, हे ठरवून शब्द बदलायचे, असे ते काम होते. सर ही पदवी १९३८ ची, कलकत्ता उच्च न्यायालयातील न्यायाधीशपद त्यानंतरचे. १९४१-४२ मध्ये सिंधूच्या पाण्यावरून सिंध आणि पंजाब यांच्यात उठलेल्या तंट्याची चौकशी त्यांच्याच अध्यक्षतेखाली झाली. त्याच काळात नेमलेल्या हिंदू कायदा समितीचेही ते अध्यक्ष होते आणि पुण्याच्या लॉ कॉलेजचे प्राचार्य ज. र. घारपुरे हे त्या समितीतले एक सदस्य. हिंदूंच्या विवाह-वारसाविषयक कायद्यांत सुधारणा करणाऱ्या हिंदू कोड बिलाचा पाया या समितीने घातला. १९४४-४५ मध्ये राव जम्मू-काश्मीर संस्थानचे पंतप्रधान होते, पण महाराजांशी न पटल्याने ते पद त्यांनी सोडले.

१९४६ मध्ये ते घटना समितीचे सल्लागार झाले, तेही बिनपगारी; समारोपाच्या भाषणात राजेंद्रप्रसादांनी याचा आवर्जून उल्लेख केला आहे. ऑक्टोबर १९४७ मध्ये त्यांनी तयार केलेल्या कच्च्या मसुद्यात २४३ अनुच्छेद आणि १३ अनुसूची होत्या. आंबेडकरांच्या मसुदा समितीने फेब्रुवारी १९४८ मध्ये जो मसुदा पुढे ठेवला, त्यात ३१५ अनुच्छेद आणि ८ अनुसूची होत्या. शेवटी अनुच्छेद झाले ३९५. मधल्या काळात सभागृहात सुमारे ७,६३५ दुरुस्त्यांच्या सूचना आल्या आणि त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. सल्लागार असलेले राव सभागृहाचे सदस्य नव्हते. या दुरुस्त्यांना उभे राहून उत्तरे देण्याचे काम आंबेडकरांना करावे लागले.

दोघांच्या कामातला फरक अनुच्छेद २१ मध्ये अगदी जवळून दिसतो. जीवित व स्वातंत्र्याच्या हक्काला अमेरिकी धर्तीवर ‘ड्यू प्रोसेस ऑफ लॉ’ (कायदा न्याय्य आहे का हेही न्यायालयाने तपासायचे) या शब्दांचे संरक्षण द्यावे असे आधी ठरले होते. १९४७ च्या अखेरीस राव अमेरिका, कॅनडा, आयर्लंड व ब्रिटनला जाऊन आले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील न्या. फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी त्यांना सांगितले की या शब्दांमुळे लोकनियुक्त कायदेमंडळाचे निर्णय मोडण्याची मोकळीक मूठभर न्यायाधीशांना मिळते. राव यांना मुळात शंका होतीच. मसुदा समितीने जपानच्या घटनेचा दाखला देऊन ‘कायद्याद्वारे प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ असा शब्दप्रयोग स्वीकारला. सभागृहात त्यावर कडक टीका झाली आणि सप्टेंबर १९४९ मध्ये आंबेडकरांनी त्या उणिवेची भरपाई म्हणून अटकेतील व्यक्तीच्या हक्कांचा नवा अनुच्छेद मांडला, तोच आजचा अनुच्छेद २२. शब्द बदलण्यामागचा विचार मुख्यतः राव यांचा होता, पण त्याची राजकीय किंमत आंबेडकरांनी चुकवली. मनेका गांधी खटल्यात (१९७८) सर्वोच्च न्यायालयाने कार्यपद्धती न्याय्य व वाजवी असलीच पाहिजे असा अर्थ लावला, तेव्हा राव यांनी टाळलेली गोष्ट बऱ्याच अंशी मागच्या दाराने परत आली. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात खुद्द आंबेडकरांनी श्रेयाचा वाटा राव यांना दिला आणि मसुदा समितीने विचारासाठी घेतलेला कच्चा मसुदा त्यांनी तयार केला होता हे सांगितले. एवढी स्पष्ट नोंद असताना वाद उरायला नको होता.

तोवर राव संयुक्त राष्ट्रांत भारताचे प्रतिनिधी म्हणून न्यूयॉर्कला पोचले होते. जून १९५० मध्ये सुरक्षा परिषदेचे अध्यक्षपद भारताकडे होते आणि २५ तारखेला कोरियात युद्ध पेटले. उत्तर कोरियाने हल्ला थांबवून माघार घ्यावी या त्या दिवशीच्या ठरावाला राव यांनी पाठिंबा दिला. २७ तारखेला दक्षिण कोरियाला मदत देण्याचा ठराव आला, तेव्हा दिल्लीची सूचना वेळेत न आल्याने अध्यक्षांच्या खुर्चीत बसलेल्या राव यांनी मतदानात भागच घेतला नाही. भारताने तो ठराव दोन दिवसांनी मान्य केला. डिसेंबरमध्ये युद्धबंदीची वाट शोधण्यासाठी नेमलेल्या तिघांच्या गटात इराणचे एन्तेझाम आणि कॅनडाचे लेस्टर पिअर्सन यांच्यासोबत राव होते, पण चीनने युद्धबंदीचा प्रस्ताव फेटाळला.

फेब्रुवारी १९५२ मध्ये ते हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे न्यायाधीश झाले, तिथले पहिले भारतीय. नऊ वर्षांची मुदत मिळाली असली तरी दोन वर्षेही पुरी झाली नाहीत: ३० नोव्हेंबर १९५३ रोजी झुरिकमध्ये त्यांचे निधन झाले. रिकाम्या जागेसाठी भारताने दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या टोकियो खटल्यातील न्या. राधाबिनोद पाल यांचे नाव पुढे केले होते. निवड झाली ती पाकिस्तानच्या जफरुल्ला खान यांची, म्हणजे काश्मीरच्या प्रश्नावर १९४८ मध्ये सुरक्षा परिषदेत पाकिस्तानची बाजू लढवणाऱ्या परराष्ट्रमंत्र्यांची. त्यानंतर भारतीय न्यायाधीश हेगला जायला १९७३ साल उजाडावे लागले. ते नगेंद्र सिंह.