शंभर मण्यांची माळ

जपमाळेत 108 मणी असतात. 1865 साली तिबेटात शिरलेल्या नैनसिंग रावत यांच्या माळेत मात्र 100च होते. दर शंभर पावलांना ते एक मणी सरकवत. प्रत्येक दहावा मणी जरा मोठा, म्हणजे तो बोटांना लागला की हजार पावलं झाली. माळ पुरी झाली की दहा हजार, सुमारे पाच मैल.

नैनसिंग हे कुमाऊँमधल्या मिलम गावचे शाळामास्तर. त्या काळी तिबेट परकीयांना बंद होतं आणि हिंदुस्थानच्या सर्वेक्षण खात्याच्या नकाशात हिमालयापलीकडचा मुलूख जवळपास कोरा होता. तिथे थिओडोलाइट, म्हणजे सर्वेक्षणाची कोन मोजणारी दुर्बीण, घेऊन जाणं म्हणजे स्वतःहून पकडून देणंच. म्हणून खात्याचे कॅप्टन मॉन्टगोमेरी यांनी सीमेवरची, तिबेटी व्यापाराची वाट ठाऊक असलेली माणसं डेहराडूनला तयार केली. त्यांना शिकायचं होतं ते मुख्यतः चालायला. चढ असो, उतार असो, पाऊल पडायचं ते एकाच लांबीचं.

दिशा आणि पावलांचे आकडे कागदावर टिपून तो कागद प्रार्थनाचक्रात, मंत्राच्या जागी ठेवायचा. चक्र फिरवत चाललेल्या यात्रेकरूला कुणी मध्येच हटकत नाही, हे नैनसिंगांना चांगलं माहीत होतं.

उंची मोजायला त्यांच्याकडे होतं उकळतं पाणी. वर जावं तसा हवेचा दाब घटतो आणि पाणी कमी तापमानालाच उकळू लागतं. ढोबळमानाने दर 300 मीटरला एक अंश सेल्सियस धरा. ल्हासात ते 88 अंशांच्या आसपास उकळतं. थर्मामीटर वाचताना अंशाच्या दहाव्या भागाची चूक झाली, तरी उंचीत 30 मीटरचा फरक पडतो. बोचऱ्या थंडीत, कुणी पाहत नाही ना याची धास्ती बाळगत हे वाचन घ्यायचं!

मला सगळ्यात थक्क करतो तो पारा. ताऱ्याची उंची, म्हणजे तो क्षितिजापासून किती अंश वर आहे ते, सेक्स्टंट या कोनमापक उपकरणाने मोजायची तर क्षितिज दिसावं लागतं, आणि तिबेटात जिकडेतिकडे डोंगर आडवे. उपाय असा: कवड्यांमध्ये मेणाने बंद करून आणलेला पारा रात्री वाडग्यात ओतायचा. द्रवाचा पृष्ठभाग आपोआप समपातळीत येतो आणि त्यात तारा आरशासारखा दिसतो. आकाशातला तारा आणि वाडग्यातला तारा यांच्यातला कोन मोजायचा, त्याची निम्मी ती ताऱ्याची उंची. त्या उंचीवरून अक्षांश काढता येतो. ध्रुवाचंच पाहा ना, तो जितके अंश वर दिसतो, साधारण तितकाच आपला अक्षांश. जानेवारी 1866 मध्ये नैनसिंग ल्हासाला पोचले आणि सुमारे तीन महिने राहिले. पैसे संपत आले तेव्हा व्यापाऱ्यांना हिशेब शिकवून त्यांनी दिवस काढले. रात्री वाडगं आणि सेक्स्टंट चालूच होतं.

पण आकाश अर्धाच प्रश्न सोडवतं. उत्तर-दक्षिण चूक ताऱ्यांवरून सुधारता येते. पूर्व-पश्चिम जागा ठरवायला, म्हणजे रेखांशाला, दूरच्या एखाद्या ठिकाणाची अचूक वेळ कळावी लागते. अनेक महिने बिनचूक चालेल असं घड्याळ त्यांच्याजवळ नव्हतं. आणि त्सांगपो नदीकाठची त्यांची वाट तर बव्हंशी पूर्व-पश्चिमच! तिथे पावलांवाचून दुसरा भरवसा नव्हता. एक-दोन माळांची गफलत झाली, तर नकाशावरचं गावच सरकणार. सुमारे 1200 मैलांची, जवळजवळ 25 लाख पावलांची ती वाट म्हणूनच मला निव्वळ धाडस वाटत नाही. ते काटेकोर मोजमाप होतं. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने 1877 मध्ये त्यांना सुवर्णपदक दिलं.

त्यांचेच नातलग किशनसिंग पुढे चार वर्षं तिबेट-मंगोलियाकडे भटकले. एका टप्प्यावर लुटारूंच्या भीतीने तांड्यातल्यांनी त्यांना घोड्यावर बसायला लावलं. पावलं मोजणाऱ्या माणसाचे पायच काढून घेतल्यासारखं झालं. त्यांनी घोड्याची एक टाप नजरेत धरली, आणि ती किती वेळा पडते ते मोजत तो टप्पा कापला.