स्वन आणि स्वनिम: फरक नेमका कुठे पडतो?

‘आधी त्या चार म्हशी चार, मग शाळेत जा.’ लातूर-धाराशिवकडच्या कुठल्याही गावात सहज कानावर पडावं असं वाक्य. जरा मोठ्यानं म्हणून बघा. पहिल्या ‘चार’ला जीभ टाळूला टेकते. दुसऱ्या ‘चार’ला ती पुढं, दातांच्या मागं येते आणि आवाज ‘त्स’कडे झुकतो. अक्षर दोन्हीकडे तेच, तरी म्हशी किती आणि त्यांचं करायचं काय, यात कुणाची गल्लत होत नाही.

सेट-नेटचा, म्हणजे प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षांचा, अभ्यास करणाऱ्यांना व्याख्या तोंडपाठ असते: स्वन म्हणजे उच्चारलेला ध्वनी, स्वनिम म्हणजे अर्थभेद करणारा ध्वनी. व्याख्या चुकीची नाही. पण ती वाचून वाटतं की काही ध्वनी स्वन असतात आणि काही स्वनिम. तसं नसतं. स्वन ही प्रत्यक्ष घटना आहे. तुम्ही दहा वेळा ‘प’ म्हणालात तर बारकाईनं पाहता दहा स्वन झाले. त्या दहांना मराठी एकच धरते, ते धरणं म्हणजे स्वनिम. म्हणून स्वन ऐकू येतो, रेकॉर्ड करता येतो. स्वनिम मात्र एखाद्या भाषेचं नाव घेतल्याशिवाय सांगताच येत नाही.

आता पुन्हा त्या दोन ‘च’कडे येऊ, कारण मराठीतली खरी गंमत तिथं आहे. ‘त्याचा मुलगा’ म्हणताना ‘च’ दाताकडचा, ‘त्याची मुलगी’ म्हणताना टाळूकडचा. ‘माझा’ आणि ‘माझी’तल्या ‘झ’चंही तेच. पुढं ई आली की जीभ आपसूक टाळूकडे सरकते. बोलणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. एवढीच उदाहरणं पाहिली तर कुणीही म्हणेल की हे एकाच स्वनिमाचे दोन अवतार आहेत. अशा अवतारांना स्वनांतरं म्हणतात. पण मग म्हशी आडव्या येतात! दोन्ही ‘चार’मध्ये पुढचा स्वर ‘आ’च आहे. तिथं कोणता ‘च’ यावा हे शेजारचा ध्वनी ठरवत नाही, अर्थ ठरवतो. म्हणून मराठीत हे दोन स्वनिम मानावे लागतात. ‘जरा’चंही तसंच: ‘जरा थांब’मधला ‘ज’ दाताकडचा, म्हातारपण या अर्थाच्या ‘जरा’तला टाळूकडचा. लिपीनं मात्र दोघांना एकाच अक्षरात कोंबलंय, त्यामुळे अक्षर मोजून स्वनिम ठरवू नयेत.

उलट बाजूनं ‘ण’ बघा. प्रमाण मराठीत ‘सण’ आणि ‘सन’, ‘मण’ आणि ‘मन’ वेगळे, म्हणजे ण आणि न हे दोन स्वनिम. मराठवाड्यात मात्र ‘पानी’, ‘लोनी’, ‘कोन आलंय?’ असं बोलणारी माणसं पुष्कळ भेटतात. ज्याच्या बोलीत सण आणि सन सारखेच उच्चारले जातात, त्याच्या बोलीत तिथं एकच स्वनिम आहे. मास्तर त्याला अशुद्ध म्हणतात. मला ते पटत नाही. जीभ वळत नाही असं नाही, त्या बोलीनं दोघांत फरक ठेवलेला नाही, इतकंच. संदर्भावरून अर्थ लागतोच.

मराठवाडा 1948 च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि उर्दू ही राज्यकारभाराची भाषा होती. त्यामुळे इथं आणखी एक उदाहरण आयतं मिळतं. ‘जमीन’, ‘बाजार’ यांतला ‘ज’ कुणी ‘द्ज’सारखा म्हणतो, कुणी सरळ घर्षणाचा, नुक्त्याच्या (अक्षराखाली टिंब दिलेल्या) ‘ज़’सारखा. मराठीत त्यानं काही बिघडत नाही. दोन्ही एकाच स्वनिमाची स्वनांतरं. पण उर्दूत ‘जंग’ म्हणजे युद्ध आणि ‘ज़ंग’ म्हणजे गंज. तिथं ‘ज़’ हा स्वतंत्र स्वनिम आहे. नांदेडच्या किंवा संभाजीनगरच्या बाजारात दोन्ही भाषा बोलणारा दुकानदार तोच ‘ज़’ एका गिऱ्हाइकाशी बोलताना स्वनांतर म्हणून वापरतो, तर दुसऱ्याशी बोलताना स्वनिम म्हणून.

लिहिताना स्वन चौकोनी कंसात दाखवतात, [प] असा. स्वनिम दोन तिरक्या रेघांमध्ये, /प/ असा. उत्तरपत्रिकेत ही खूण चुकली तर उरलेलं बरोबर असूनही गोंधळ झाल्यासारखं दिसतं.